विनाअनुदानित शाळा: क्लार्क रजेवर की ऑफिस बंद, आणि मे महिन्यात पगाराची ओढाताण

मुलुंडकर
नमस्कार मंडळी. ट्रस्टची सेमी-इंग्रजी शाळा आहे, बालवाडी ते दहावी, 620 मुलं. पूर्ण फी भरणारी 540, सरासरी फी वर्षाला 48,000. बाकीची आरटीईतली (शिक्षणहक्क कायद्याखाली मोफत प्रवेशाची) आणि सवलतीतली. पगार महिन्याला 15 लाख, इतर खर्च 4 लाख. फीचे हप्ते दोन, जून आणि नोव्हेंबर. दर मे महिन्यात एफडी मोडायची पाळी येते. ऑफिसात क्लार्क एकच. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), पीएफ, नेटबँकिंग, यूडायस (शाळेची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) सगळं त्याच्याच हातात. पावसात तळमजल्यावर पाणी येतं ते आणखी वेगळंच. काही ट्रस्टींचं म्हणणं, दोन कोटींचा राखीव निधी उभा करा, सगळे प्रश्न सुटतील. सुरुवात तिथून करावी का?

हिशेबी_दादर
दोन कोटींचं नंतर बघू. आधी आकडे मांडा. 540 गुणिले 48,000 म्हणजे 2 कोटी 59 लाख. खर्च 19 लाख गुणिले 12, म्हणजे 2 कोटी 28 लाख. शिल्लक 31 लाख, फीच्या 12 टक्के. याचा अर्थ 12 टक्के फी थकली की मेअखेर खातं कोरडं. शाळा तोट्यात नाही, वसुली आणि तारखा चुकतायत.

हप्ते चार करा: जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च. एक हप्ता 64.8 लाखांचा. त्यातला 90 टक्के आला तरी 58 लाख हातात, आणि तीन महिन्यांचा खर्च 57 लाख. मार्चचा हप्ता पहिल्या आठवड्यातच घ्या, परीक्षा संपली की पालकांचे फोन लागत नाहीत. दहावीचा चौथा हप्ता जानेवारीत, कारण प्रिलिमनंतर ती मुलं शाळेत फिरकत नाहीत. फीची रक्कम तीच असली तरी हप्त्यांचा बदल पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवा आणि इतिवृत्तात नोंदवा.

फीवाढीचं म्हणाल तर 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे एकदा ठरलेली फी दोन वर्षं राहते, आणि नव्या फीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी समितीकडे जावा लागतो. जूनची फी म्हणजे नोव्हेंबरअखेर कागद तयार. मार्चमध्ये जाग आली तर वर्ष जुन्या फीवरच काढा.

आरटीईची प्रतिपूर्ती, म्हणजे त्या मुलांच्या फीपोटी सरकारकडून येणारे पैसे, बजेटात शून्य धरा. आली की सरळ राखीव खात्यात टाका.

थकबाकीसाठी दाखला अडवायच्या फंदात पडू नका. दाखल्याला उशीर केला तर आरटीई कायद्यात मुख्याध्यापकांवरच कारवाईची तरतूद आहे. वसुली त्याआधीच व्हायला हवी: तारीख उलटून 7 दिवस झाले की मेसेज, 15 दिवसांनी फोन, 30 दिवसांनी पालकांना बोलावून लेखी हप्ते बांधून द्यायचे. फोन ऑफिसनं करायचा. वर्गशिक्षिकेला वसुलीला लावलं की त्याची झळ वर्गात मुलाला बसते.

परळचा_सीए
वरच्या गणिताशी सहमत. वर्षाला 31 लाख उरणाऱ्या शाळेला दोन कोटी साठवायला सहा वर्षांवर लागतील, तोवर काय? दोन महिन्यांचा पगार, म्हणजे 30 लाख, एवढं पहिलं उद्दिष्ट ठेवा.

आयकराची सूट घेणाऱ्या ट्रस्टला उत्पन्नाचा 85 टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो, 15 टक्के विनाअट बाजूला ठेवता येतात. तुमची शिल्लक त्याच्या आत बसते. जास्त साठवायचं तर नेमका हेतू लिहून ठराव करायचा, मुदतीत फॉर्म भरायचा आणि पाच वर्षांत त्याच कामाला पैसे वापरायचे. ‘राखीव’ असा मोघम हेतू लिहिलात तर पुढे नोटिशीला उत्तर देत बसाल.

हे 30 लाख पगाराचं खातं असलेल्या बँकेत नकोत. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी फक्त 1,000 रुपये काढता येत होते. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाखांपर्यंतच. त्याच बँकेच्या चार शाखांत चार एफडी केल्या तरी 5 लाखच.

सह्यांचा अधिकार ‘तिघांपैकी कोणतेही दोन’ असा ठेवा. दोनच सह्या असतील आणि त्यातले एक काका मुलाकडे अमेरिकेत गेले, की पैसे असून एफडी मोडता येत नाही. ट्रस्टी बदलल्यावर धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत बदल अर्ज जायला हवा. तो रखडला की परिशिष्ट 1 च्या (ट्रस्टच्या सरकारी नोंदीच्या) उताऱ्यावर जुनीच नावं राहतात आणि बँक नव्या सह्या घेत नाही. ऐन गरजेला गाडी इथेच अडते, निधीवाचून नाही.

ऑफिस_सुपरिटेंडंट
पैशांचं झालं. खरी मेख ओटीपीत आहे. पीएफ, आयकर, टीडीएस, यूडायस, सरल (राज्याचं शाळा-विद्यार्थी माहितीचं पोर्टल), बँक यांना कोणाचा मोबाईल जोडलाय ते एका कागदावर लिहून काढा. बहुतेक ठिकाणी क्लार्कचा स्वतःचा नंबर निघेल, एखाद्या ठिकाणी निवृत्त मुख्याध्यापकांचा.

ट्रस्टच्या नावावर दोन सिम घ्या, एका साध्या फोनमध्ये घालून तो फोन मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. रिचार्ज चुकवू नका, नंबर बंद पडून दुसऱ्याला गेला तर परत मिळवणं महाकठीण. सगळ्या पोर्टलवर नंबर बदलायला महिना धरा. डिजिटल सहीच्या टोकनची (पेनड्राइव्हसारखं असतं ते) मुदत तपासा आणि संपायच्या महिनाभर आधी नवं काढा.

क्लार्क पर्मनंट असेल तर खाजगी शाळा नियमावलीनुसार तीन महिन्यांची नोटीस, नसेल तर एकच महिना. महिन्यात टॅली कोणी शिकत नाही. म्हणून दुसरा माणूस आत्ताच तयार करा.

टॅलीचा बॅकअप रोज, दोन पेनड्राइव्हवर आलटून पालटून, त्यातला एक इमारतीबाहेर. महिन्यातून एकदा तो रिस्टोअर करून बघा, पण वेगळ्या फोल्डरमध्ये. चालू डेटावरच रिस्टोअर केलात तर बॅकअपनंतरच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. हे करणारे महाभाग कमी नाहीत.

हिंदमाता_वॉटर
पाण्याचं थोडक्यात. जनरल रजिस्टर (प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रवेशाची कायमची नोंदवही) तळमजल्यावर असेल तर उद्याच वर हलवा. पुढचं सगळं नंतर. चाळीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थीही जन्मतारखेसाठी त्याच रजिस्टरकडे येतो. पानं 300 डीपीआयवर स्कॅन करा, फाइलला रजिस्टर क्रमांकाचं नाव द्या. लॅमिनेशन नको, त्यात जुना कागद कायमचा अडकतो. आणि इन्व्हर्टर, मीटरपेटी किती उंचीवर आहे तेही बघा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला होता. त्या हिशेबात दीड फुटाचा ओटा म्हणजे काहीच नाही.

मुलुंडकर
सगळ्यांचे आभार. मोबाईलची यादी केली, सातपैकी सहा पोर्टल क्लार्कच्या नंबरवर. पण दुसरा माणूस शिकवायला लावला तर आपल्याला काढतायत असं त्यांना वाटेल. कसं करावं?

ऑफिस_सुपरिटेंडंट
वाटणारच. म्हणून नियम सगळ्यांना लावा: ऑफिसातल्या प्रत्येकानं, मुख्याध्यापकांनीही, वर्षातून सलग आठ दिवस रजा घ्यायचीच. कामाची वही क्लार्कनाच लिहायला सांगा, स्क्रीनशॉटसकट, आणि वहीवर त्यांचं नाव घाला. पहिली रजा महिन्याच्या 16 ते 24 मध्ये द्या. टीडीएस 7 ला आणि पीएफ 15 ला भरून झालेला असतो, पगारपत्रकाला अजून वेळ असतो, फार काही बिघडत नाही. त्या आठवड्यात बदली माणसाला जिथे जिथे फोन करावा लागला, तेवढी पानं वहीत वाढवा. दुसरी रजा मुद्दाम 1 ते 9 मध्ये.