उत्तर: टपाली मतदानातील खरा धोका

टपाली मतदानात बोगस मतदानाचा धोका आहे, असा मुद्दा या चर्चेत मांडला गेला आहे आणि तो मला मान्य आहे; परंतु आपल्याकडे त्याहून अधिक नुकसान खऱ्या मतदाराचे मत बाद झाल्याने होते, असे मला वाटते. मतपत्रिका आतल्या लहान लिफाफ्यात आणि मतदाराची सही व अधिकाऱ्याचे साक्षांकन असलेले घोषणापत्र बाहेरच्या मोठ्या लिफाफ्यात स्वतंत्र, अशी ही रचना आहे; घोषणापत्र चुकून आतल्या लिफाफ्यात गेले किंवा सही राहिली, तर मतमोजणीच्या टेबलावर तो लहान लिफाफा न उघडताच बाजूला पडतो. मतदान केंद्रावर चूक झाली तर तिथल्या तिथे सांगायला कुणीतरी असते, इथे मतदाराला त्याचा पत्ताही लागत नाही.

याचे ठळक उदाहरण चर्चेत अद्याप आलेले नाही. २०१७ च्या गुजरात विधानसभा निवडणुकीत धोळका मतदारसंघातून भाजपचे उमेदवार भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी विजयी झाले, तर मतमोजणीत बाद ठरवलेल्या टपाली मतपत्रिका होत्या ४२९. विजयाचे मताधिक्य एकूण आलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर सर्व टपाली मतपत्रिकांची फेरतपासणी करावी, असा निवडणूक आयोगाचा तेव्हाचा निर्देश असूनही तो पाळला गेला नाही. मे २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ही निवड रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच त्या निकालाला स्थगिती दिली, हेही नोंदवायला हवे. एवढे होईपर्यंत विधानसभेची निम्मी मुदत सरली होती.