मदत हवी आहे: बेटावर आम्ही पोहोचलो, बॅग उशिरा आली

नमस्कार मंडळी,
बेटावरची सुट्टी खरंच छान झाली. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की पायांभोवती फिरणारे मासे स्पष्ट दिसायचे, आईचा तर तिथून पायच निघेना. पण जाताना विमान बदललं तिथे आमची एक बॅग मागे राहिली. मिळाली तेव्हा निम्मी सुट्टी सरली होती; एक चाक उखडलेलं, चेन उसवलेली. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यातच! छोट्या बेटावर त्या मिळवताना जीव टांगणीला लागला.

विमानतळावर पीआयआर (बॅग हरवल्याचा-मोडल्याचा विमान कंपनीकडचा अहवाल) नोंदवला, पावत्याही जपल्यात. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाबद्दलच्या १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार बॅग हाती आल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करायची असते. पहिली मुदत परवा संपतेय.

दोन्ही तक्रारी एकाच पत्रात चालतात का? विमानं दोन वेगळ्या कंपन्यांची होती, मग लिहायचं कोणाला? औषधं-कपड्यांचा खर्च आधी विमान कंपनीकडे मागावा की प्रवास विम्याकडे?

शिवाय खवळलेल्या समुद्रामुळे परतीची बोट रद्द झाली, एक रात्र जास्त राहावं लागलं. ते भाडं विम्यातून कोणाला मिळालंय का? अनुभव असेल तर कृपया लवकर सांगा.