बी.एस्सी. बी.एड. नंतर पुढे काय? एम.एड., एम.ए. शिक्षणशास्त्र की डीएसएम (मुंबई)

खडूफळा
नमस्कार मंडळी. शाळा दादरची, अनुदानित, मराठी माध्यमाची माध्यमिक. सत्र सकाळचं, साडेबाराला मोकळीक. शिक्षण बी.एस्सी. (रसायन), बी.एड.; दोन्हींत ५५ टक्क्यांच्या वर. नोकरी न सोडता पुढे शिकायचं आहे. डोक्यात दोन वाटा आहेत: मुख्याध्यापकपद, नाहीतर बी.एड. कॉलेजात शिकवणं. एम.एड. करावं, एम.ए. शिक्षणशास्त्र, की शालेय व्यवस्थापन पदविका (डीएसएम)? फीपेक्षा कशाचा कुठे उपयोग होतो ते सांगितलंत तर बरं.

नियम_तीन
आधी मुख्याध्यापकपदाचं बघू, कारण त्यात गैरसमज फार. तुमची शाळा खाजगी अनुदानित, म्हणजे महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) नियमावली, १९८१ लागू. नियम ३ नुसार माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला पदवी आणि बी.एड. लागतं. शिवाय पदवीनंतर एकूण ५ वर्षं पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव, त्यातली किमान २ वर्षं बी.एड.नंतरची. बस्स. एम.एड.चा उल्लेखही नाही.

पद भरताना संस्थेने पात्र शिक्षकांपैकी सर्वांत ज्येष्ठ आणि सेवेची नोंद समाधानकारक असलेला शिक्षक घ्यायचा असतो. ज्येष्ठता याच नियमावलीच्या अनुसूची 'फ'प्रमाणे ठरते. तिथे प्रशिक्षित पदवीधर आणि प्रशिक्षित पदव्युत्तर एकाच 'क' प्रवर्गात येतात. म्हणजे उद्या तुम्ही एम.एड. होऊन आलात तरी यादीत एक पायरीही वर सरकत नाही. स्टाफरूममध्ये कोणी "एम.एड. कर, लगेच एचएम होशील" म्हणालं तर हसून चहा प्या.

म्हणून पदवीआधी एक काम करा. शाळेची या वर्षीची ज्येष्ठता यादी मागून घ्या आणि आपल्या वरच्या प्रत्येकाचं निवृत्तीचं वर्ष समोर लिहा. प्रवर्ग किंवा रुजू दिनांक चुकला असेल तर हरकत आत्ताच लेखी द्या आणि पोच घ्या. पद रिकामं झाल्यावर घेतलेली हरकत शिक्षण निरीक्षक कार्यालयात वर्षानुवर्षं पडून राहते.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मुख्याध्यापक निवडताना ज्येष्ठतेची ही सक्ती नाही. तिथे आणि खाजगी सीबीएसई शाळांमध्ये पदव्युत्तर पदवीला वजन असतं. पण तो तुमचा प्रश्न नाही.

गोवंडी_लोकल
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. आता बी.एड. कॉलेज. इथे बरेच बी.एस्सी. बी.एड. वाले फसतात, तेव्हा नीट वाचा.

एनसीटीई म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. तिच्या २०१४ च्या विनियमांत बी.एड. महाविद्यालयातल्या अध्यापकांच्या जागा वेगवेगळ्या धरल्या आहेत. विज्ञान, गणित, भाषा यांच्या अध्यापन पद्धती शिकवणाऱ्याला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी आणि वर एम.एड. ५५ टक्क्यांनी लागतं. तुमच्याकडे एम.एस्सी. नाही. त्यामुळे नुसतं एम.एड. करून विज्ञान अध्यापनाची जागा मिळणार नाही.

दुसरा गट शिक्षणाच्या मूलाधारांचा: तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, मानसशास्त्र वगैरे. त्यात दोन पर्याय दिलेत. सामाजिक शास्त्रातली पदव्युत्तर पदवी अधिक एम.एड., किंवा एम.ए. शिक्षणशास्त्र ५५ टक्के अधिक बी.एड. ५५ टक्के. तुमच्या हातात जे आहे ते बघता हा शेवटचा रस्ता सर्वांत जवळचा. वर नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा, हवीच. दोन्हींत शिक्षणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे; सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं.

खडूफळा
म्हणजे एम.एड. बादच? शाळा साडेबाराला सुटते, दुपारचे वर्ग चालले असते की.

गोवंडी_लोकल
बाद नाही, पण नोकरीबरोबर बसत नाही. २०१५-१६ पासून एम.एड. दोन वर्षांचं आणि पूर्णवेळ आहे. विनियमांप्रमाणे तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के, क्षेत्रकार्याला ९० टक्के हजेरी लागते. त्या क्षेत्रकार्यात तुम्हाला दुसऱ्या शाळेत आणि शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत दिवसा जाऊन बसावं लागतं. दुपारच्या वर्गांनी ते भागत नाही.

"हजेरीचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त परीक्षेला या" असं सांगणारे भेटतील. त्या भानगडीत पडू नका. एकाच तारखेला शाळेच्या हजेरीपटावर सही आणि कॉलेजच्या हजेरीपटावरही सही, हे नेमणुकीच्या किंवा मान्यतेच्या वेळी कोणीही तक्रारदार पाच मिनिटांत काढतो. पदवी जाते ती जाते, आहे ती नोकरीही गोत्यात येते.

खरंच एम.एड. करायचं तर संस्थेकडून रजा आणि ना-हरकत दोन्ही लेखी घ्या आणि सेवापुस्तकात नोंद करून घ्या. प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या एम.एड. सीईटीतून आणि पुढे केंद्रीभूत प्रक्रियेतून होतो. आणखी एक: फेब्रुवारी २०२५ मध्ये एनसीटीईने नव्या विनियमांचा मसुदा काढला, त्यात एक वर्षाचं एम.एड. आहे. अर्ज भरण्याआधी त्या वर्षी कोणता नियम लागू आहे ते पाहून घ्या.

कलिना_गेट
संस्थांबद्दल. मुंबई विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग कलिन्याला. दूरस्थसाठी तिथलंच दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र, म्हणजे पूर्वीचं आयडॉल. मराठीतून करायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ; एम.ए. शिक्षणशास्त्र आणि डीएसएम दोन्ही त्यांच्याकडे आहेत. इग्नूचं एम.ए. एज्युकेशन इंग्रजी-हिंदीत. इग्नूचा एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तास अभ्यास, त्यावरून आठवड्याचा हिशेब आधीच मांडा. महिला असाल तर एसएनडीटीही बघा, जुहूला त्यांचा शैक्षणिक तंत्रज्ञानाचा वेगळा विभाग आहे.

देवनारच्या टिसचं (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) तीन वर्षांचं बी.एड.-एम.एड. बऱ्याच जणांना खुणावतं, पण तो साचा बी.एड. नसलेल्या पदव्युत्तरांसाठी. तुम्हाला नको.

दूरस्थ कुठूनही करा, त्या विद्यापीठाच्या *त्या* अभ्यासक्रमाला *त्या* वर्षी यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाची मान्यता आहे का ते यादीत बघा. पानाची छापील प्रत तारखेसकट काढून ठेवा, पुढे पडताळणीत हीच मागतात.

नियम_तीन
निवडश्रेणीचं राहिलं. २४ वर्षांच्या सेवेनंतरची ती वरची वेतनश्रेणी पात्र शिक्षकांपैकी २० टक्क्यांनाच मिळते आणि त्यासाठी शैक्षणिक अर्हता वाढवावी लागते. तुमच्या प्रवर्गाला कोणती पदवी ग्राह्य धरतात हे प्रवेशाआधी कार्यालयाकडून लेखी घ्या. तोंडी उत्तर साहेबांच्या बदलीबरोबर बदलतं.

सत्तावीस_टक्के
एम.ए.ला दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प असेल तर वेळापत्रक उलटीकडून लावा. फेब्रुवारीत दहावीची प्रात्यक्षिकं, मग लेखी परीक्षा. त्यात कोणी मुख्याध्यापक तुम्हाला वर्ग देणार नाही. माहिती जुलै ते सप्टेंबरात गोळा झाली पाहिजे, म्हणजे परवानगीची पत्रं जूनमध्ये. महापालिकेच्या शाळा घेणार असाल तर शिक्षणाधिकारी कार्यालयाची परवानगी लागते, ती आणखी आधी टाका.

प्रयोग करताना आपली तुकडी प्रायोगिक आणि सहकाऱ्याची नियंत्रित, असं करू नका. फरक पद्धतीमुळे आला की शिक्षकामुळे, हे सांगता येत नाही आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येतो. दोन्ही तुकड्यांना शिकवणारा एकच हवा. मुंबईतली खास अडचण म्हणजे क्लास. शाळेत धडा सुरू होण्याआधीच अर्ध्या मुलांचा तो क्लासमध्ये झालेला असतो. पूर्वचाचणी घ्याच, आणि जमलं तर क्लासवाले करून घेत नाहीत असं काही निवडा, उदाहरणार्थ प्रयोगाची निरीक्षणं नोंदवणं.

चाचणी स्वतः तयार केलीत तर प्रश्न-विश्लेषण टाळू नका. १०० उत्तरपत्रिका गुणांच्या क्रमाने लावा, वरच्या २७ आणि खालच्या २७ वेगळ्या काढा. समजा एक प्रश्न वरच्या २२ जणांना आणि खालच्या ९ जणांना आला. काठिण्य मूल्य, म्हणजे किती जणांना जमला, (२२+९)÷५४ म्हणजे ०.५७; भेदन मूल्य, म्हणजे वरच्या-खालच्यांत किती फरक करतो, (२२−९)÷२७ म्हणजे ०.४८. हा प्रश्न ठेवा. दुसरा वरच्या २५ आणि खालच्या २४ जणांना आला, तर भेदन जेमतेम ०.०४. हुशार आणि कच्चा यांत तो फरकच करत नाही, काढून टाका. म्हणून ३० प्रश्नांची चाचणी हवी असेल तर सुरुवात ४५ पासून करा.

लिपिकांचा_मित्र
डीएसएमबद्दल कोणीच बोललं नाही. कायदे, नियम, नियोजन यांची ओळख होते, म्हणून चांगलं. पण मुख्याध्यापकाची रोजची डोकेदुखी त्यात शिकून होत नाही. शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत मुख्याध्यापक हाच पहिला आहरण व संवितरण (पगार काढून वाटणारा) अधिकारी, पगारबिल चुकलं तर सही त्याची. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, ३० सप्टेंबरच्या आधार-वैध पटावर होते. चार मुलांच्या आधारवर नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही आणि पट सीमेवर असला, तर एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. दाखल-खारीज रजिस्टर, आधार आणि यू-डायस (शाळांची सरकारी माहिती प्रणाली) तिन्हींत नाव अक्षरशः एकच आहे ना, हे जुलैतच तपासायला बसावं लागतं. आत्तापासून पर्यवेक्षकांकडून हे काम मागून घ्या, मुख्य लिपिकाच्या शेजारी बसा.

नेतृत्वावर वाचायचं तर दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजन संस्थेच्या राष्ट्रीय शाला नेतृत्व केंद्राचा ऑनलाइन कार्यक्रम मोफत आहे.

खडूफळा
सर्वांचे आभार. ज्येष्ठता यादी काढली, वर सहा जण आहेत, त्यातले दोघे माझ्यानंतर निवृत्त होणार. म्हणजे मुख्याध्यापकपद दूरच. तेव्हा बी.एड. कॉलेजासाठी एम.ए. शिक्षणशास्त्र, मुक्त विद्यापीठातून, आणि सोबत सेट. सेटचा पेपर एक आधी करावा की विषयाचा?

गोवंडी_लोकल
विषयाचा. पेपर दोन २०० गुणांचा, पेपर एक १०० चा, आणि निकाल दोन्हींच्या बेरजेवर लागतो. एम.ए.चा अभ्यास पेपर दोनला जवळजवळ पुरतो. पेपर एकसाठी शेवटच्या दोन महिन्यांत जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवा.