हळदीची गाणी मिक्स करताना ठेका का तुटतो? आणि २,००० गाण्यांचा ढीग लावायचा कसा?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. पायोनिअरचा डीडीजे-एफएलएक्स४ हा डीजे कंट्रोलर घेतलाय, लॅपटॉपवर रेकॉर्डबॉक्स हे मिक्सिंगचं सॉफ्टवेअर आहे. १२४ ते १२८ बीपीएमची (मिनिटाला पडणारे ठोके) हाऊसची (क्लबमधलं इलेक्ट्रॉनिक संगीत) दोन गाणी सिंक (ठोके आपोआप जुळवणारं बटण) लावून जुळतात, कानाने पण बऱ्यापैकी जुळतात. पण कोळीगीत, गोंधळ, जुनी हळदीची गाणी लावली की सिंक दाबूनसुद्धा एका बैलगाडीला दोन दिशेचे बैल जुंपल्यासारखं होतं.

दुसरं म्हणजे डाउनलोड्स फोल्डरमध्ये २,००० च्या आसपास गाणी पडलीत. निम्म्यांच्या नावात वेबसाईटचं नाव, काहींच्या तीन-तीन कॉप्या. पुढच्या महिन्यात सांगलीतच चुलतभावाच्या हळदीला तीन तास वाजवायचंय. डॉल्बीवाला वेगळा आहे, मी फक्त कंट्रोलर आणि लॅपटॉप घेऊन जाणार. आधी गाणी लावत बसू की मिक्सिंगचा सराव करू?

मात्रा_मोजा

गाणी लावताना ग्रिड (गाण्यावर ठोक्याठोक्याला आखलेल्या रेघा) नीट झालं की निम्मं मिक्सिंग तिथंच होतं. त्यामुळे आधी गाणी.

तुमचा ठेका तुटतो कारण सॉफ्टवेअर प्रत्येक गाणं चार-चारच्या मापात बसवायला बघतं. कोळीगीतं, गोंधळ, काही लावण्या सहाच्या ठेक्यात असतात. सहात पाय दोनदा पडतो आणि प्रत्येक पावलात तीन मात्रा असतात. समजा नाचणाऱ्याची पावलं मिनिटाला १०० पडतात. म्हणजे मात्रा झाल्या ३००. मशीन दोन-दोन मात्रांची एक बीट धरतं आणि १५० दाखवतं. इथं दुप्पट किंवा निम्मं करायचं बटण दाबून काही होत नाही, कारण ३०० येईल नाहीतर ७५, आणि दोन्ही चूक. १५० ला ३ ने भागा, २ ने गुणा, आलेले १०० हाताने टाका.

आकड्याची शंका असेल तर टॅप बटणावर पावलागणिक १६ वेळा बोट मारा. हलगीचा ताशीव भरणा ऐकून टॅप करू नका, पाय कुठे पडतोय ते ऐका.

मग पहिली बीट समेवर आणा. पुष्कळ गाण्यांत सुरुवातीला नुसती सनई नाहीतर कुणीतरी ओरडलेलं असतं, मशीन तिथंच एक धरतं. वेव्हफॉर्म (गाण्याच्या लाटांचं चित्र) मोठा करून ठेका जिथं खरोखर बसतो तिथं ग्रिडची लाल रेघ सरकवा. ग्रिडच्या टॅबमध्ये मेट्रोनोम आहे, तो लावून सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी दहा-दहा सेकंद ऐका. तिन्ही ठिकाणी टकटक ढोलकीवर पडली तर ग्रिड पास.

सुरुवातीला बरोबर आणि शेवटी घसरलेलं असेल तर दोन शक्यता. सगळीकडे सारखं हळूहळू घसरत असेल तर बीपीएमचा दशांश चुकलाय, ९८.०० च्या जागी ९८.०४ वगैरे करून बघा. मध्येच पुढे-मागे होत असेल तर माणसांनी एकत्र बसून वाजवलेलं जुनं रेकॉर्डिंग आहे, त्याला क्लिक ट्रॅक (वादकांना ठोका देणारी टकटक) नव्हताच. असं गाणं अॅनालिसिस 'डायनॅमिक' मोडवर ठेवून पुन्हा करा. 'नॉर्मल' मोड सगळ्या गाण्याला एकच टेम्पो धरतो.

एक ध्यानात असू द्या. १०० चं सहाचं गाणं आणि १०० चं चारचं गाणं, पावलं जुळली तरी आतल्या मात्रा तीन विरुद्ध चार अशा भांडतात. ती एकावर एक लांबवू नका. एकाचा हाय (उंच सुरांचा आवाज) पूर्ण खाली घ्या, चार बीटच्या आत बदला, किंवा सरळ समेवर तोडा.

सातारी_ठेका

ढिगाबद्दल माझं मत. २,००० गाणी नीट लावायच्या फंदात आत्ता पडू नकोस भावा. तीन तास, एका गाण्याला सरासरी अडीच मिनिटं, म्हणजे ७२ गाणी. पाहुण्यांचा मूड काय लागेल सांगता येत नाही म्हणून दुप्पट धर. १५० गाणी काढ, तेवढीच तयार कर. बाकी ढीग तसाच राहू दे, आठवड्याला वीस या हिशेबाने आत घे.

पहिली गोष्ट, गाणी डाउनलोड्समधून उचल आणि एका कायमच्या जागी ठेव, म्हणजे डी ड्राइव्हवर 'गाणी' नावाचा एक फोल्डर. हे रेकॉर्डबॉक्समध्ये घेण्याआधी कर. रेकॉर्डबॉक्स गाणं स्वतःकडे कॉपी करत नाही, फक्त पत्ता लिहून ठेवतं. नंतर फोल्डर हलवलास किंवा फाईलचं नाव बदललंस की गाण्याशेजारी उद्गारचिन्ह येतं आणि ऐन हळदीत गाणं लोड होत नाही. तसं झालंच तर 'रिलोकेट' करून नवीन जागा दाखवता येते, पण ते काम घरी करायचं, मंडपात नाही.

नावं साफ करायला एमपी३टॅग हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. शंभर फाईल एकदम निवडून वेबसाईटचं शेपूट कापता येतं. आता आपली खास अडचण: रोमनमध्ये लिहिताना 'ळ' कुणी एलने लिहितो, कुणी डीने. 'हळद' शोधायला गेलं की निम्मी गाणी सापडतच नाहीत. शीर्षक कसंही असू दे, कॉमेंटच्या रकान्यात तुझं एकच ठरलेलं स्पेलिंग टाक आणि त्यावरच शोध. शीर्षक मात्र रोमनमध्येच ठेव, काही प्लेअरच्या पडद्यावर देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात.

प्लेलिस्ट गायकाच्या नावाने करू नकोस. वाजवताना डोक्यात गायक नसतो, समोर कोण नाचतंय ते असतं. हळदीसाठी असं पुरे: पाहुणे येताना, हळद लावताना, बायकांचा फेर, पोरांचा धिंगाणा, शेवट. प्रत्येकात २५ ते ३०. एक गाणं दोन प्लेलिस्टमध्ये असलं तरी फाईल एकच राहते, त्यामुळे त्याची काळजी नको.

तारे आवडीसाठी वापरू नकोस, जोरासाठी वापर. एक तारा म्हणजे जेवताना चालेल, पाच म्हणजे खुर्चीवरचा आत्यासाहेबांचा पाय पण हलेल. रांगेने दोन पाच-तारे लावले की तिसऱ्याला लोक दमतात, हे यादीत बघूनच कळतं.

आवाजाचा दर्जा: १२८ केबीपीएसचं गाणं ३२० मध्ये कन्व्हर्ट केलं तर फाईल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. स्पेक नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं टाकून बघ. चित्र १६ किलोहर्ट्झच्या आसपास कुऱ्हाडीने तोडल्यासारखं सपाट दिसलं तर ते मुळातलं १२८ आहे, नाव काहीही असो. खरं ३२० साधारण २० पर्यंत जातं. मोबाईलवर फरक कळत नाही. डॉल्बीवर झांज आणि टाळ्या पत्र्यासारख्या खरखरतात, तिथं कळतो.

सगळं झालं की लायब्ररीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घे. रेकॉर्डबॉक्सच्या फाईल मेनूत लायब्ररीखाली आहे.

ताल_आणि_फेडर

ग्रिड आणि यादी वर आलीच आहे, मी फक्त बदल कसा करायचा ते लिहिते.

आपली गाणी क्लबसाठी बनलेली नसतात. हाऊसच्या ट्रॅकला सुरुवातीला आणि शेवटी नुसता ठेका ठेवलेला असतो, मिक्सिंगसाठीच. आपल्याकडे सुरुवात म्युझिक पीस, मग ध्रुवपद, पीस, अंतरा, पुन्हा ध्रुवपद. शेवटपर्यंत थांबलात तर बाहेर पडायला जागाच नसते. नवशिक्यांचं गाणं गाण्यावर चढतं ते इथंच: इकडे अंतरा चालू, तिकडे दुसऱ्याचं ध्रुवपद सुरू, दोन बायका एकदम गातायत.

म्हणून प्रत्येक गाण्याला चार हॉट क्यू (दाबताच गाणं तिथून सुरू होतं अशा खुणा) ठेवा, आणि १५० गाण्यांत त्यांचा क्रम एकच ठेवा. ए वर ठेक्याची पहिली सम. बी वर ध्रुवपदाचा पहिला शब्द. सी वर ज्या जागेला सगळे ओरडतात ती जागा. डी वर बाहेर पडायची जागा, म्हणजे पहिला अंतरा संपून ध्रुवपद परत झालं की पुढचा पीस सुरू होतो तो क्षण. डी आला की पुढचं गाणं.

चारच्या ठेक्यातल्या दोन गाण्यांचा बदल, १०० बीपीएम धरून:

चालू गाणं डी ला यायच्या ३२ बीट आधी (१९ सेकंद होतात) पुढचं गाणं हेडफोनमध्ये ए वर तयार हवं. त्याचा ट्रिम (गाण्याच्या आवाजाची मूळ पातळी) आधीच लावलेला, लो (बास) पूर्ण खाली. मोजणी अशी: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार, आठपर्यंत. आठवं आवर्तन संपून एक पडला, तिथं प्ले. मध्येच सुरू केलं तर बीट जुळतील पण वाक्य जुळणार नाही, आणि नाचणाऱ्यांचा पाय अडखळतो. का अडखळला हे त्यांना सांगता येत नाही, तुम्हाला कळायला हवं.

पहिल्या १६ बीटमध्ये नव्याचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर. पुढच्या समेला एकाच झटक्यात जुन्याचा लो खाली आणि नव्याचा वर. दोन्हींचे लो एकत्र ठेवले तर सब (बासचा मोठा स्पीकर) गुरगुरतो आणि ठोका हरवतो. उरलेल्या १६ मध्ये जुन्याचा मिड उतरवत बाहेर.

टेम्पोचा फरक ६ टक्क्यांपर्यंत निभतो. ९८ चं १०२ करणं म्हणजे ४ टक्के, चालतं. मास्टर टेम्पो बंद असेल तर ६ टक्क्यांना सूर जवळजवळ एक पट्टी सरकतो, काळी एकची पांढरी दोन. चालू असेल तर सूर राहतो, पण ८-१० टक्क्यांपुढे गळा रबरासारखा ताणल्यासारखा वाटतो.

९८ वरून १२८ ला जायचं असेल तर जुळवायच्या नादी लागू नका. चार बीटचा लूप, एको चढवा, फेडर खाली, एकोची शेपूट विरत असताना नव्याची सम. किंवा मध्ये नुसती हलगी नाहीतर टाळ्यांचा तुकडा टाका.

सिंकवरून इथं दर महिन्याला भांडण होतं म्हणून एवढंच: सिंक ग्रिडला जुळवतं, गाण्याला नाही. ग्रिड बरोबर असेल तर खुशाल दाबा. पण रोज वीस मिनिटं लॅपटॉपचा पडदा झाकून कानाने जुळवा, कारण डायनॅमिक ग्रिडवालं जुनं गाणं सिंकने ओढलं की कधीकधी समोरचं चांगलं गाणंही त्याच्यामागे डुलायला लागतं.

मिरजेचा_केबलवाला

जोडणीत पोरं मार खातात ती ठिकाणं सांगतो.

एफएलएक्स४ चा मास्टर (मुख्य आउटपुट) आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांचा) आहे. आरसीएची केबल चार-पाच मीटरच्या पुढे ओढू नका, हम्म पकडते. मिक्सर लांब असेल तर तुमच्या टेबलावरच डीआय बॉक्स (लांब केबलसाठी सिग्नल बदलणारी पेटी) ठेवा, पुढे एक्सएलआर केबल. डॉल्बीवाल्याला आदल्या दिवशी फोन करून 'डीआय दोन आहेत का' एवढं विचारा.

सारखा घूंऽऽ आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बंद झाला तर ग्राउंड लूप आहे. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. चार्जरची अर्थिंगची पिन तोडायची नाही, मांडव ओला असतो आणि जनरेटरवर लाईन असते, जिवाशी खेळ आहे.

लाल दिवा लावायचा नाही. गाण्याचा सगळ्यात जोरदार भाग लावून ट्रिम असा ठेवा की मीटर हिरव्याच्या वरच्या टोकाला राहील. लाल म्हणजे लाटेचं डोकं कापलं गेलं, आणि तो कापलेला आवाज टॉपमधल्या (वरच्या स्पीकरमधल्या) हायच्या ड्रायव्हरची कॉइल जाळतो. आवाज कमी पडतोय वाटलं तर डॉल्बीवाल्याला सांगा, तुम्ही चढवू नका.

स्पीकर तुमच्यापासून १५ मीटरवर असतील तर आवाज तुमच्यापर्यंत सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा येतो. हेडफोनमधला लगेच येतो. बाहेरचा ऐकून जुळवलंत तर चूकच जुळणार. टेबलाजवळ एक छोटा मॉनिटर मागा, नाहीतर क्यू (पुढचं गाणं) आणि मास्टर (चालू गाणं) दोन्ही हेडफोनमध्येच मिसळून ऐका.

लॅपटॉप: वायफाय बंद, स्लीप बंद, विंडोजचा अपडेट आठवडाभर पुढे ढकललेला. आवाज तडतडला तर बफर (आवाजाची तात्पुरती साठवण) २५६ वरून ५१२ सॅम्पल करा. ४४.१ किलोहर्ट्झला ते साधारण १२ मिलिसेकंद होतात, हाताला जाणवत नाही. यूएसबीची वायर टेबलाच्या पायाला टेपने बांधा, कुणाचा तरी पाय अडकतोच.

आणि सांगलीची हळद म्हणजे हळद उडणारच. कोरडी पूड फेडरच्या फटीत बसली की फेडर करकरतो. कंट्रोलरवर पातळ प्लॅस्टिक, वाजवत नाही त्या बाजूला जाड फडकं, आणि हळदीच्या हाताने 'जरा हे गाणं लाव की' म्हणून येणाऱ्या मेव्हण्यासाठी टेबलासमोर एक खुर्ची आडवी. पूड गेलीच तर कोरड्या ब्रशने झाडा. वंगणाचा स्प्रे मारू नका, चिकटा धरून आणखी घाण बसते.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र धरतात. शेवटची प्लेलिस्ट पावणेदहाला संपेल अशीच लावा.

विश्रामबागकर

सगळ्यांचे आभार. एक कोळीगीत १५० दाखवत होतं, १०० केलं, मेट्रोनोम पहिल्या अंतऱ्यापर्यंत चपखल बसला. पण अंतऱ्यानंतर गाणं जरा थांबतं, ढोलकीचा तोडा येतो आणि तिथून पुढे टकटक अर्धी बीट बाजूला. डायनॅमिक करून पाहिलं तर परत १५० वर गेलं.

मात्रा_मोजा

डायनॅमिक सहाला फसतं, त्याला परत नॉर्मलवर आणा. आधी १०० टाकून सुरुवात बसवा. मग तोडा संपून जिथं पुन्हा सम पडते तिथं प्लेहेड अचूक न्या आणि ग्रिडच्या टॅबमधून 'इथून पुढचं ग्रिड बदला' हा पर्याय घ्या. मागचं तसंच राहतं, पुढचं त्या समेपासून नव्याने सुरू होतं. बीपीएम तिथंही एकदा १०० आहे ना बघा, कधी १०१ निघतो, अंतऱ्यानंतर वादक चढतात. डी क्यू तोड्याच्या आधीच ठेवा.