सवाई, उजवा की वरचढ? बापलेकांच्या उमेदवारीचे शब्द

प्रश्न

अमेरिकेतल्या निवडणुकांवर मराठीत एक लेख लिहिते आहे. विषय बापलेकांचा. वडील अध्यक्षपदाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, उतरले, काही वर्षांनी मुलगा उतरला, आणि वडिलांपेक्षा पुढची मजल मारायचा त्याने प्रयत्न केला. उदाहरण रॉन पॉल आणि रँड पॉल यांचे घेतले आहे. वडील टेक्ससचे माजी काँग्रेस (तिथली संसद) सदस्य, पेशाने प्रसूतितज्ज्ञ. मुलगा केंटकीचा सिनेटर, पेशाने नेत्रतज्ज्ञ.

दोन ठिकाणी अडले आहे. प्रायमरीला वर्तमानपत्रे ‘प्राथमिक फेरी’ म्हणतात, ते बरोबर वाटते का? आणि ‘मुलगा वडिलांपेक्षा … ठरला नाही’ या वाक्यात काय बसेल? वरचढ, सरस, उजवा, सवाई असे चार शब्द काढून ठेवले आहेत. एकही पुरता पटत नाही.

प्रतिसाद

‘उजवा’ आधी काढून टाका. एरवी शब्द चांगला आहे, डावे-उजवे करताना आपण सहज वापरतो. पण रिपब्लिकन पक्षाबद्दलच्या लेखात ‘रँड वडिलांपेक्षा उजवे’ असे वाचले की वाचक विचारसरणीच धरून चालणार. रँड यांच्या बाबतीत तर भलताच घोटाळा होईल, कारण त्यांचा प्रयत्न वडिलांच्या टोकाच्या भूमिकांपासून थोडे मध्यावर सरकण्याचा होता. वडील परदेशातल्या लष्करी हस्तक्षेपाच्या ठाम विरोधात. मुलाने मार्च २०१५ मध्ये सिनेटमध्ये संरक्षणखर्च वाढवण्याची दुरुस्ती मांडली. वडिलांचा कित्ता त्यांनी गिरवला नाही, असे सरळ लिहिता येईल.

‘वरचढ’ही नको. त्यात कुरघोडी आहे. सासूला सून वरचढ मिळते, भावाला भाऊ वरचढ होतो. समोरासमोर कुणीतरी लागते. हे दोघे एकमेकांविरुद्ध कधीच उभे नव्हते. ‘शेरास सव्वाशेर’ही त्याच कारणाने बाद.

प्रतिसाद

आधी प्रायमरीबद्दल. ‘प्राथमिक फेरी’ मला अजिबात मान्य नाही. प्राथमिक फेरी म्हटले की वक्तृत्व स्पर्धा किंवा एकांकिका डोळ्यांपुढे येते, जिच्यातून चार-पाच जण अंतिम फेरीत जातात. प्रायमरीतून पक्षाचा एकच जण पुढे जातो. ‘प्राथमिक निवडणूक’ म्हटले तर ती कमी महत्त्वाची वाटते. प्रत्यक्षात तिथे प्रश्न एकच असतो: तिकीट कुणाला?

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. इच्छुकाने मुंबई-दिल्लीच्या खेपा घालायच्या, मुलाखती द्यायच्या, आणि शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो ते बघायचे. अमेरिकेत हा निर्णय राज्याराज्यांतले मतदार करतात. म्हणून पहिल्यांदा ‘उमेदवारीची निवडणूक’ लिहा आणि पुढे सरळ ‘प्रायमरी’. या एका शब्दजोडीत वाचकाला अर्धी पद्धत कळते. नेत्याच्या मुलाला तिथे तिकीट मागून मिळत नाही, हेही कळते. ‘घराणेशाही’ हा आपला शब्द तिकडे जसाच्या तसा लावू नये तो एवढ्यासाठीच. नाव वारशाने येते, ओळखी येतात, देणगीदारांच्या याद्याही येतात, पण मते पुन्हा पहिल्यापासून मिळवावी लागतात.

‘उमेदवारी’ला जुना अर्थही आहे, कामाला लागून शिकण्याचा काळ. ‘उमेदवारीची वर्षे’ आपण अजून म्हणतो. रॉन पॉल यांना तो चपखल बसतो. १९८८ मध्ये ते लिबर्टेरियन या छोट्या पक्षातर्फे अध्यक्षपदाला उभे होते, मग २००८ मध्ये रिपब्लिकन प्रायमरीत उतरले, पुन्हा २०१२ मध्ये. मुलाच्या वाट्याला इतकी लांब उमेदवारी आलीच नाही.

आता ‘सवाई’. मला हाच शब्द हवा. त्यात भांडण नाही, नुसते मोजमाप आहे. पावकी, निमकी, पाऊणकीनंतर सवायकी यायची, तीच ही सवाई: मूळ रक्कम आणि वर तिचा पाव. पेशव्यांमध्ये सवाई माधवराव म्हटले गेले तेही थोरल्या माधवरावांशी तुलना करूनच, आणि त्यात थोरल्यांचा मान कुठे कमी होत नाही. ‘बापसे बेटा सवाई’ म्हणताना बापालाही बरेच वाटते.

म्हणून हिशेब खरोखर मांडून पाहा. २०१२ मध्ये आयोवा राज्याच्या कॉकसमध्ये (प्रायमरीऐवजी पक्षाच्या सभांत होणारे मतदान) रॉन पॉल तिसरे आले, २१.४ टक्के. सवाईसाठी रँड यांना जवळपास पावणेसत्तावीस टक्के हवे होते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी त्याच आयोवात टेड क्रूझ २७.६ टक्क्यांवर पहिले आले. म्हणजे सवाई मिळाली असती तर रँड दुसरे, ट्रम्प यांच्याही पुढे. मिळाले साडेचार टक्के आणि पाचवा क्रमांक. वडिलांच्या मतांचा पाव हिस्सा काढला तर तो सव्वापाचच्या वर जातो. तितकेही नाहीत. दोन दिवसांनी, ३ फेब्रुवारीला, ते थांबले.

लेखात हे आकडे द्या आणि ‘सवाई’ हा शब्द तिथेच ठेवा.

प्रतिसाद

हिशेब बरोबर, पण त्यात ‘प्रतिनिधी’, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात राज्यातर्फे उमेदवार निवडणारे, हा शब्द राहून गेला, आणि रँड यांची खरी अडचण तिथेच आहे. कॉकसची रात्र म्हणजे शाळेचा हॉल नाहीतर चर्च, बाजूबाजूने दोन-चार मिनिटांची भाषणे, आणि मग कोऱ्या चिठ्ठीवर नाव लिहून ती गोळा करणे. २०१२ मध्ये या चिठ्ठ्यांचा निकाल प्रतिनिधींवर बंधनकारक नव्हता. रॉन पॉल यांचे कार्यकर्ते चिठ्ठी टाकून घरी गेले नाहीत. ते थांबले, तालुक्यापासून राज्यापर्यंतच्या पक्षसभांत चिकाटीने निवडून येत गेले. पक्षाच्या टँपा इथल्या अधिवेशनात आयोवाच्या २८ पैकी २२ प्रतिनिधींनी तिसऱ्या आलेल्या रॉन पॉल यांचे नाव घेतले. माझ्या मते ते वडिलांचे खरे यश, मतांच्या टक्क्यांपेक्षा मोठे.

त्यानंतर पक्षाने नियम बदलले आणि प्रतिनिधी निकालाला बांधले गेले. मुलाला ती वाट बंदच होती. त्याला साडेचार टक्क्यांचा एक प्रतिनिधी मिळाला. तुलना करताना ‘कामगिरी’ शब्द वापरणार असाल तर मैदान बदलले होते हे सांगायलाच हवे, नाहीतर रँड यांच्यावर अन्याय होईल.

प्रतिसाद

केंटकीची गोष्टही घ्या. तिथल्या कायद्याने एका मतपत्रिकेवर एकच नाव दोनदा छापता येत नाही, आणि रँड यांना सिनेटची जागाही राखायची होती. म्हणून राज्य पक्षाने अध्यक्षपदापुरता ५ मार्च २०१६ ला वेगळा कॉकस ठेवला. खर्च उचलायची तयारी रँड यांनी दाखवली होती. कॉकसचा दिवस उजाडला तेव्हा ते रिंगणात नव्हते. ट्रम्प जिंकले. सिनेटची जागा मात्र रँड यांनी नोव्हेंबरमध्ये राखली.

प्रतिसाद

जिथे मुलगा खरेच पुढे गेला तिथे ‘सवाई’ पुरेल का, अशी मला शंका आहे. जॉर्ज रॉम्नी मिशिगनचे गव्हर्नर, त्याआधी अमेरिकन मोटर्सचे प्रमुख. १९६८ च्या रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीत त्यांचे नाव होते. १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धाबद्दल बोलताना ‘माझे ब्रेनवॉशिंग झाले’ असे ते बोलून गेले आणि त्यांची हवा गेली. २८ फेब्रुवारी १९६८ रोजी, न्यू हॅम्पशायरचे मतदान व्हायच्या आधीच, ते बाजूला झाले. त्यांचा धाकटा मुलगा मिट तेव्हा फ्रान्समध्ये मॉर्मन पंथाचे प्रचारकार्य करत होता. मिट २००८ मध्ये उभे राहिले, हरले. २०१२ मध्ये पुन्हा उभे राहिले, आणि मिशिगनची अटीतटीची प्रायमरी त्यांनी जिंकली ती २८ फेब्रुवारीलाच, बरोबर चव्वेचाळीस वर्षांनी. पुढे पक्षाची उमेदवारीही मिळवली.

वडिलांच्या खात्यात जवळपास मतेच नाहीत, तर सवाई कशाची काढणार? इथे मी ‘वडिलांचे पांग फेडले’ म्हणेन. पांग म्हणजे उणीव, राहून गेलेले. अध्यक्षपद मिळाले नाही, ओबामांनी हरवले, हे खरे. पण वडिलांचे जे राहिले होते ते उमेदवारीपाशी राहिले होते.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रॉम्नींसाठी ‘पांग फेडले’ घेते. हे मला सुचलेच नसते. पॉल यांच्यासाठी वाक्य असे केले आहे: ‘उमेदवारीच्या निवडणुकीत रँड पॉल वडिलांहून सवाई ठरले नाहीत, आयोवानंतर दोन दिवसांत त्यांनी माघार घेतली.’

प्रतिसाद

‘माघार’ बदला. आपल्याकडे माघार म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत अर्ज मागे घेणे, मग नाव मतपत्रिकेवर येतच नाही. रँड यांचे नाव ९ फेब्रुवारीला न्यू हॅम्पशायरच्या मतपत्रिकेवर होते आणि त्याला थोडी मतेही पडली. ‘प्रचार थांबवला’ लिहा.