प्रतिसाद : पाचवी भाषा
अनुभवी माणसाने नवी प्रोग्रामिंग भाषा कशी शिकावी, व्हिडिओ कोर्स करावा का, या चर्चेतलं ‘चार भाषा येत असल्या की पाचवीचा फक्त सिंटॅक्स (लिहिण्याचे नियम) बघायचा’ हे वरचं मत पायथॉनवरून रुबीकडे जाणाऱ्याला चालून जाईल. जावावरून रस्टकडे येणाऱ्याला नाही.

जावात एकाच ऑब्जेक्टला (मेमरीतल्या माहितीच्या गठ्ठ्याला) दोन नावं दिली तरी दोन्ही चालतात. रस्टमध्ये स्ट्रिंग (मजकूर) किंवा व्हेक्टर (यादी) दुसऱ्या व्हेरिएबलला दिला की मालकीच तिकडे जाते. जुनं नाव वापरलंत तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही, म्हणजे चालवण्याजोगा बनतच नाही. इथे अनुभवच आडवा येतो. हात सवयीने दुहेरी लिंक्ड लिस्ट (जिच्यात प्रत्येक घटक मागच्या-पुढच्या दोघांकडे बोट दाखवतो) लिहायला जातो, आणि रस्टमध्ये नवख्याने सुरुवातीला टाळावी अशी नेमकी तीच गोष्ट!

माझ्या मते आपलाच एखादा जुना, छोटा प्रोग्राम नव्या भाषेत लिहावा. लॉग फाइल वाचून एरर मोजणारा वगैरे. प्रश्न ओळखीचा असला की सगळं लक्ष भाषेकडे राहतं. मालकीवरून अडलात तर आधी बिनधास्त क्लोन करा (व्हॅल्यूची वेगळी प्रत काढा), चालल्यावर एकेक क्लोन काढत जा. कंपाइलर बहुतेक चुकांना क्रमांक देतो. मालकी गेलेली व्हॅल्यू वापरली की ‘ई०३८२’. तो रस्टसीच्या (रस्टच्या कंपाइलरच्या) ‘एक्सप्लेन’ पर्यायाला दिला की उदाहरणासह खुलासा मिळतो. कोड चालला की क्लिपी (कोडमधल्या सुधारणा सुचवणारं रस्टचं साधन) फिरवा, जावाछाप वळणं बरीच सापडतात.

आणि रस्टवरचे २०१८ च्या आधीचे रडगाण्याचे लेख जपून वाचा. त्या वर्षीच्या एडिशनपासून (भाषेच्या आवृत्तीपासून) बॉरो चेकर, म्हणजे मालकीचे आणि उसनवारीचे नियम तपासणारा कंपाइलरचा भाग, बराच समजूतदार झालाय.

व्हिडिओ कोर्सचं म्हणाल तर ‘लूप म्हणजे काय’पासून सुरू होणारे, म्हणजे अगदी नवशिक्यांचे, सरळ सोडून द्या.