निलंबन की हकालपट्टी?

दादा, तुम्ही लिहिलंय की गोंधळी आमदाराला सरळ वर्षभर बाहेर बसवावं, हाकलण्यापेक्षा ही शिक्षा सौम्य. मला ते पटत नाही. ही शिक्षा आमदारापेक्षा मतदारांना जास्त लागते.

आपल्याच विधानसभेनं 5 जुलै 2021 ला भाजपच्या 12 आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं. 28 जानेवारी 2022 ला सुप्रीम कोर्टानं तो ठराव रद्द केला. कोर्टाचं म्हणणं असं, की निलंबन चालू अधिवेशनापुरतंच हवं, वर्षभराचं निलंबन हकालपट्टीहून वाईट. हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होते आणि सहसा सहा महिन्यांत पोटनिवडणूक लागते. निलंबनात जागा भरलेली दिसते, पण मतदारसंघाच्या वतीनं सभागृहात बोलायला कुणीच नसतं.

जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक लागते, हे कोल्हापूर उत्तरमध्ये आपण अनुभवलंय. आपले आमदार चंद्रकांत जाधव डिसेंबर 2021 मध्ये वारले आणि 12 एप्रिल 2022 ला आपण परत मतदान केलं. त्या उन्हात आमची आई, गुडघे दुखत असताना, डोक्यावर पदर घेऊन रांगेत उभी होती. "पेठेला आमदार नको व्हय?" म्हणाली. वर्षभर गप्प बसवलेल्या आमदाराच्या मतदाराला ही रांगसुद्धा मिळत नाही.

पैसे घेऊन प्रश्न विचारणाऱ्यांची गोष्ट वेगळी. डिसेंबर 2005 मध्ये संसदेनं अशा 11 खासदारांना काढलं आणि 2007 मध्ये कोर्टानंही ते मान्य केलं. तिथं माझी काहीच तक्रार नाही.